हबानेरापासून सुरुवात: लॅटिन गाणी, ऑपेरा आणि स्पॅनिश कविता कुठल्या क्रमाने ऐकायची

‘काहीतरी चांगलं सुचव ना’ म्हणून यादी मागून नेणारे तीन महिन्यांनी भेटतात, तेव्हा बहुतेकांची गत एकच झालेली असते. यादीतली चाळीस गाणी भांडी घासताना वाजून गेली, ऑपेरा पहिल्या अंकातच सुटला, आणि कवितांचं इंग्रजी भाषांतर उशाशी धूळ खातंय. आवडलं का विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘छान आहे, पण डोक्यात काही राहत नाही.’

कान सगळ्यांचे ठीक असतात, क्रम चुकलेला असतो. लोक गाणी, ऑपेरा आणि कविता हे तीन वेगळे विषय धरतात आणि तिन्हीकडे मोठ्यात मोठ्या गोष्टीपासून सुरुवात करतात. खरं तर तिन्हींत शिरायला एक छोटंसं सामाईक दार आहे: आठ. हवानाहून निघालेला हबानेराचा ठेका आठ मात्रांचा. क्यूबाचा कवी होसे मार्ती, त्याची ओळ आठ अक्षरी. फ्रेंच संगीतकार बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेरातलं नायिकेचं पहिलं गाणं त्याच ठेक्यावर, आणि त्याचीही ओळ आठाचीच. आपण आठ मोजतच मोठे झालो, त्यामुळे हे दार मराठी माणसाला फारसं जड जाऊ नये.

रोज अर्धा तास, पाच-सहा आठवडे, एवढा वेळ धरा. टप्पे ओलांडू नका.

## तयारी

ऐकायचं साधन. फोनच्या स्पीकरवर हे काम होत नाही. त्यात खर्ज ऐकूच येत नाही, आणि क्यूबन गाण्याची अर्धी गंमत खर्जातल्या बासमध्ये असते. एकच स्पीकर असलेला ब्लूटूथ डबाही नको. स्टिरिओ ऑपेरामध्ये कोण रंगमंचाच्या डावीकडून येतंय आणि कोरस मागे कुठे उभा आहे हे कळावं लागतं. तारेचा साधा इअरफोन पुरेसा आहे.

ॲपमधली सेटिंग. क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावर पुढचं चढवणं) बंद. शफल बंद. गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारं नॉर्मलायझेशनही बंद, कारण ऑपेरात कुजबुज ही कुजबुजच राहिली पाहिजे. क्रॉसफेडचं मी अनुभवावरून सांगतोय. एका अंकात कोरस मधेच विरघळतो आणि त्याच्यावर दुसराच आवाज चढतो, ही संगीतकाराची काहीतरी खास युक्ती असावी असं मी कित्येक दिवस समजत होतो. एका जाणकारासमोर त्यावर बोललोसुद्धा. त्यांनी शांतपणे माझा फोन मागून घेतला आणि सहा सेकंदांचं क्रॉसफेड बंद करून दिलं.

शब्द, कागदावर. ऑपेराच्या संहितेला लिब्रेटो म्हणतात. जुन्या ऑपेरांचे लिब्रेटो स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि सहज मिळतात. डावीकडे मूळ आणि उजवीकडे भाषांतर असा दोन रकान्यांचा घ्या आणि लागणारा अंक छापून काढा. स्क्रीनवर सरकवत बसलात तर दर दोन मिनिटांनी ओळ हरवते.

वही आणि पेन्सिल. पेन नको, खोडायचं खूप आहे.

> तपासणी: कुठल्याही ऑपेराचे लागोपाठचे दोन ट्रॅक लावा आणि सांध्यावर लक्ष द्या. मधे शांतता आली किंवा आवाज एकमेकांवर चढले, तर सेटिंग चुकलंय. वाहतं पाणी जसं जातं तसं ते जायला हवं.

## टप्पा १: तोंड तयार करा

स्पॅनिश शिकायची नाही, फक्त मोठ्याने वाचता आली पाहिजे. हे दोन दिवसांचं काम आहे, आणि इथे मराठी माणूस इंग्रजाच्या पुढे असतो. स्पॅनिशचा त आणि द दातांवर जीभ टेकवून येतो, म्हणजे आपलाच ‘ताक’मधला त आणि ‘दार’मधला द. लोक इंग्रजीच्या वाटेने जाऊन ‘टॅंगो’ म्हणतात. तो ‘तांगो’ आहे. प, त, क यांच्यात हवा सोडायची नाही, तीही आपली रोजचीच सवय.

लक्षात ठेवायचं ते एवढंच:

- स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. कुठेही लिहिले तरी तसेच उच्चारायचे, गिळायचे नाहीत. गोव्यात घरी पोर्तुगीज ऐकत वाढलेल्यांनी इथे विशेष जपावं. पोर्तुगीज स्वर खाते, स्पॅनिश खात नाही.
- एच मुका. ‘ओम्ब्रे’ म्हणजे माणूस, लिहिताना सुरुवातीला एच असतो.
- व्ही आणि बी दोन्ही ब. ‘वेर्दे’ नाही, ‘बेर्दे’.
- दोन एल जोडून आले की बहुतेक ठिकाणी य. एनवर नागमोडी रेघ असेल तर न्य.
- जे म्हणजे घशातून येणारा ह, खच्या जवळ जाणारा.
- च ‘चहा’तला, ‘चमचा’तला नाही.
- झेड, तसंच ई-आयच्या आधीचा सी, लॅटिन अमेरिकेत स. स्पेनच्या बऱ्याच भागात त्याचा उच्चार जीभ दातांमध्ये घेऊन होतो. दोन्ही बरोबर, पण एका कवितेत एकच ठेवा.

आघाताचा नियमही सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर. यापेक्षा वेगळं असेल तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ छापलेली असते.

> सावधान: देवनागरीत उतरवताना हलन्त म्हणजे पायमोडकं अक्षर लिहायला विसरू नका. ‘पार्तेस’ लिहिलंत तर पुढे मोजताना तीन अक्षरं धराल. ‘पार्तेस्’ लिहा, म्हणजे दोनच राहतील. तिसऱ्या टप्प्यात बहुतेकांचं गणित इथेच फसतं.

## टप्पा २: आठ मोजा, टाळी वाजवा

गाणं लावायच्या आधी ठेका हातात बसला पाहिजे. एकसारख्या गतीने एक ते आठ मोजा, केहरव्याच्या आठ मात्रा मोजतो तसे.

हबानेरा: टाळी १, ४, ५ आणि ७ वर.

त्रेसियो: त्यातली ५ ची टाळी काढा. उरल्या १, ४, ७. म्हणजे तीन, तीन, दोन. हा या साऱ्या संगीताचा सांगाडा आहे.

क्लावे: आता सोळापर्यंत मोजा. टाळी १, ४, ७, ११ आणि १३ वर. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. क्यूबन ‘सोन’ या प्रकारात दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून हेच वाजवतात, आणि त्या दांडक्यांनाही क्लावेच म्हणतात. काही गाणी तीनच्या बाजूने सुरू होतात, काही दोनच्या. एकदा सुरू झाली की बाजू सहसा बदलत नाही.

तोंडाने मोजणं आणि हाताने टाळी हे दोन्ही एकत्र जमायला तीन-चार दिवस लागतात. घरचे हसतील. गती वाढवायची घाई नको. मोजलेला प्रत्येक आकडा स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

आता आपल्या कानाची जी खास अडचण आहे तिच्याकडे येऊ. आपण सम शोधतो. तबला असो की ढोलकी, पहिल्या मात्रेवर काहीतरी ठळक पडेल अशी वाट पाहतो. क्यूबन बास नेमका तिथे गप्प असतो. त्याच्या चालीला ‘तुम्बाओ’ म्हणतात, आणि ती आठांपैकी ४ आणि ७ वर पडते. सातवीवरचा स्वर तसाच लांबत पुढच्या पहिलीवरून वाहत जातो. आपला कान त्या सातवीलाच सम समजतो, आणि मग पुढचं सगळं गाणं दोन मात्रा आधी ऐकू येतं. ‘यांचा ताल पकडताच येत नाही’ ही तक्रार दहातल्या नऊ वेळा इथून आलेली असते.

उपाय असा: आधी दांडक्यांचा आवाज शोधा, त्यावरून मोजणं सुरू करा, आणि मगच बासकडे लक्ष न्या. बासवरून कधी सुरू करू नका.

> तपासणी: सोनचं कुठलंही गाणं लावून क्लावेच्या टाळ्या द्या. एक मिनिटानंतर गायकाच्या ओळींशी झटापट होतेय असं वाटलं, तर बहुधा तीन आणि दोनच्या बाजू उलट धरल्या आहेत. आठ मात्रा थांबा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू करा.

## टप्पा ३: एक कविता, तिचंच गाणं

होसे मार्तीचा ‘बेर्सोस सेन्सियोस’ म्हणजे ‘साध्या ओळी’ हा संग्रह १८९१ चा. त्यातली कडवी पुढे ‘ग्वान्तानामेरा’च्या चालीवर गायली गेली. चाल होसेइतो फेर्नान्देस यांच्या नावावर आहे, आणि १९६० च्या दशकात अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांच्यामुळे हे गाणं जगभर गेलं. ‘समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेलवालं गाणं’ म्हणून तुम्ही ते ऐकलेलं असेलच. आता विसरून जा. गाणं शेवटी लावायचंय.

३.१ आधी उतरवा. पहिलं कडवं:

यो सोय् उन् ओम्ब्रे सिन्सेरो
दे दोंदे क्रेसे ला पाल्मा,
यान्तेस् दे मोरिर्मे क्येरो
एचार् मिस् बेर्सोस् देल् आल्मा.

३.२ मोजा. यो-सोय्-उन्-ओम्-ब्रे-सिन्-से-रो. आठ. आता तुकोबांची ओळ मोजा: जे-का-रं-ज-ले-गां-ज-ले. आठ. लहान अभंगाचा चरण आणि मार्तीची ओळ एकाच मापाची. हा योगायोग आहे, त्यावरून कोणी प्रबंध लिहू नये, पण कानाला याचा फार उपयोग होतो. हाताच्या बोटांना हे माप आधीपासून माहीत असतं.

मोजताना दोन नियम लागतात, आणि दोन्ही न शिकल्यामुळेच लोक ‘छंद तुटलाय’ म्हणतात.

पहिला: एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला तर दोन्ही मिळून एक अक्षर. तिसरी ओळ पाहा. ‘ई आन्तेस्’ हे दोन शब्द आहेत, पण वाचताना ‘यान्तेस्’ होतं. आपल्या संधीसारखंच, फक्त लिहिताना वेगळं ठेवतात.

दुसरा: ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर एक वाढवून धरायचं. पुढच्या कडव्यात मिळेल:

यो बेंगो दे तोदास् पार्तेस्,
यास्या तोदास् पार्तेस् बोय्;
आर्ते सोय् एन्त्रे लास् आर्तेस्,
एन् लोस् मोंतेस्, मोंते सोय्.

दुसरी आणि चौथी ओळ बोटांवर सातच भरते. ‘बोय्’ आणि ‘सोय्’ एकाक्षरी, आघात त्यांच्यावरच. सात अधिक एक, आठ. म्हणून इथे ओळ संपताना एक श्वास मोकळा राहतो, आणि वाचताना तो सोडायचा असतो.

३.३ अर्थ स्वतः लावा. शब्दकोश काढून प्रत्येक शब्दाखाली मराठी लिहा. रेआल अकादेमियाचा मोठा स्पॅनिश कोश संगणकावर फुकट आहे, पण तो स्पॅनिशमधून स्पॅनिशमध्ये. सुरुवातीला स्पॅनिश-इंग्रजी घ्या. मी सच्चा माणूस, ताडामाडांच्या मुलखातला, आणि मरण्याआधी मला माझ्या ओळी... इथे अडाल. ‘एचार्’ म्हणजे टाकणे, फेकणे, ओतणे, बाहेर सोडणे. जिवातून ओळी ‘टाकायच्या’ की ‘ओतायच्या’? या एका क्रियापदावर पंधरा मिनिटं घालवा. तयार भाषांतर वाचणाऱ्याच्या वाट्याला ही पंधरा मिनिटं येत नाहीत, आणि म्हणूनच त्याच्या डोक्यात काही उरत नाही.

३.४ आता गाणं. ‘ग्वान्तानामेरा’ क्यूबन गायिका सेलिया क्रूसच्या आवाजात लावा, म्हणजे मागे क्यूबन तालाची मोट व्यवस्थित ऐकू येईल. गाण्यात पहिल्या दोन ओळी पुन्हा येतात, त्यामुळे चार ओळींचं कडवं सहाचं होतं. कुठली कडवी घ्यायची हे गायकावर असतं, तेव्हा तुमचं कडवं नाही आलं तर दुसरं कुणाचं ध्वनिमुद्रण लावा.

> सावधान: यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर ‘क्येरो’वर गोंधळ होऊ शकतो. इथे त्याचा अर्थ ‘मला हवंय’. पुढे स्पॅनिश कवी लोर्काच्या ओळीत तोच शब्द प्रेमाकडे झुकतो.

## टप्पा ४: एकच गाणं, वेगवेगळे गळे

हा टप्पा छोटा आहे. मिगेल मातामोरोस यांचं ‘लाग्रिमास नेग्रास’ (काळी आसवं) घ्या. आधी त्रिओ मातामोरोसचं जुनं ध्वनिमुद्रण, मग पियानोवादक बेबो वाल्देस आणि फ्लामेंको गायक दिएगो एल सिगाला यांचं २००३ चं.

गाणं बोलेरोच्या संथ चालीत सुरू होतं आणि मध्यानंतर सोनमध्ये शिरतं. तिथून एक ओळ फिरून फिरून येते आणि गायक तिच्याभोवती खेळतो. भजनात टाळकऱ्यांनी ध्रुपद धरावं आणि बुवांनी वर मोकळं सुटावं तसं. हे वळण किती मिनिटांनी येतं ते दोन्ही ध्वनिमुद्रणांसाठी वहीत लिहा. तिथे टाळ्या सुरू करा.

शोधताना काळजी घ्या. प्रसिद्ध गाण्याच्या नावाखाली ‘ट्रिब्यूट’, ‘लाउंज’ आणि कराओके माल वर येतो. गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव जोडूनच शोधा. तसंच ॲपवर दिसणारं साल बहुधा पुन्हा प्रकाशित केल्याचं असतं. ‘२०१६’ लिहिलंय आणि आवाजात तबकडीची खरखर आहे, म्हणजे काय ते समजा.

## टप्पा ५: ऑपेरा, पण चारच मिनिटं

‘कार्मेन’ अडीच तासांच्या पुढे जातो. रविवारी दुपारी जेवून सलग लावला की पहिल्या अंकात डुलकी ठरलेली. उलट क्रमाने जा: गाणं, मग प्रसंग, मग अंक, मग सगळं.

५.१ मूळ चाल ऐका. कार्मेनच्या पहिल्या गाण्याला हबानेराच म्हणतात. बिझेने ती चाल सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराच्या ‘एल आर्रेग्लितो’ या गाण्यावरून घेतली. त्याला ते लोकगीत वाटलं होतं. दोन्ही लागोपाठ ऐका.

५.२ सेलो (व्हायोलिनच्या जातीचं, खर्जातलं मोठं वाद्य) पकडा. आवाज येण्याआधी सेलोंवर १, ४, ५, ७ सुरू होतं आणि गाणं संपेपर्यंत थांबत नाही. दुसऱ्या टप्प्यातली टाळी इथे जशीच्या तशी बसते.

५.३ शब्द. हा ऑपेरा घडतो स्पेनच्या सेव्हियामध्ये, पण त्याची भाषा फ्रेंच आहे. बरेच जण ‘स्पॅनिश ऑपेरा’ समजून शब्दकोश चुकीचा घेऊन बसतात. पहिली ओळ अशी ऐकू येते: ला-मू-रे-तं-न्वा-झो-र-बेल्. आठ. गाताना शेवटी एक हलका स्वर लोंबतो, तो मोजत नाहीत. अर्थ: प्रेम म्हणजे बंडखोर पाखरू. पुढच्या ओळीत, कुणालाच माणसाळवता न येणारं.

५.४ स्वर. गाणं शिकलेल्यांसाठी: पहिली ओळ तार षड्जावरून निघते आणि शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध अशा एकेका पायरीने पंचमावर उतरते. हा कुठल्या रागात बसतो ते शोधू नका. घसरत घसरत येणारी ही चाल म्हणजेच कार्मेन. कुणाच्या हाती लागणार नाही असं ती शब्दांनी सांगते, आणि स्वरही हातात ठरत नाहीत.

> तपासणी: इअरफोन काढून सेलोची टाळी देत पहिल्या दोन ओळी नुसत्या म्हणता आल्या तर पुढे जा. सूर लागला नाही तरी चालेल.

## टप्पा ६: ध्वनिमुद्रण निवडा

इथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला प्रश्न: पूर्ण की ‘हायलाइट्स’? मी माझी पहिली सीडी एका दुकानातून मोठ्या हौसेने आणली. मुखपृष्ठावर नायिकेचा पंखा घेतलेला फोटो, खाली बारीक अक्षरात ‘निवडक’. मधले दुवेच नव्हते, त्यामुळे कार्मेनच्या प्रेमात पडणारा तो शिपाई बिचारा एका ट्रॅकमध्ये आईची आठवण काढतो आणि पुढच्यात एकदम कार्मेनच्या पायाशी, हे मला कळेना. पूर्णच घ्या.

दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: बोललेले संवाद, की गायलेले? १८७५ च्या मार्चमध्ये पॅरिसला पहिला प्रयोग झाला तेव्हा गाण्यांच्या मधे साधे बोललेले संवाद होते, आपल्या संगीत नाटकासारखे. बिझे तीन महिन्यांत वारला. मग त्याच्या मित्राने, एर्नेस्त गिरोने, व्हिएन्नाच्या प्रयोगासाठी त्या संवादांच्या जागी गायली जाणारी जोडवाक्यं रचली. त्यांना रेसिटेटिव्ह म्हणतात. आज दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणं मिळतात, आणि हातात लिब्रेटो एकाचा आणि कानात दुसऱ्याचं, असं झालं की माणूस पाचव्या मिनिटाला हरवतो.

गायलेल्या जोडवाक्यांची (आधी वाद्यवृंद-संचालकाचं नाव, मग कार्मेन गाणारीचं, दुसरं असेल तर ते शिपायाचं):
- थॉमस बीचम, १९५८-५९. कार्मेन बार्सेलोनाची व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस.
- हर्बर्ट फॉन कारायान, १९६३. लिऑन्टिन प्राइस आणि फ्रँको कोरेल्ली.
- जॉर्ज प्रेत्र, १९६४. मारिया कॅलास, जिने ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही.

बोललेल्या संवादांची:
- लिओनार्ड बर्नस्टाइन, १९७२. मॅरिलिन हॉर्न.
- क्लॉडिओ अब्बाडो, १९७७. तेरेसा बेर्गान्सा आणि प्लासिदो दोमिंगो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा अब्बाडो. संगीत नाटकाची सवय असलेल्या कानाला बोलून गाण्यात शिरणं परकं वाटत नाही, आणि बेर्गान्सा कार्मेनची खलनायिका करत नाही. बीचम दुसऱ्या फेरीला. कॅलास शेवटी ठेवा. तो आवाज इतका ठसतो की नंतर इतर सगळ्या फिक्या वाटतात, आणि तसं वाटणं त्यांच्यावर अन्याय आहे.

आता तुलना. पाचांपैकी कुठलेही तीन हबानेरा ओळीने ऐका आणि वहीत तीनच रकाने करा: गती, शब्द किती स्पष्ट, स्वरावरून स्वरावर घसरते की उडी मारते. बर्नस्टाइनची गती एकदम संथ भासेल, बिघडलेलं नाही. ‘आवडलं/नाही आवडलं’ असा चौथा रकाना करू नका. तो आधीच भरला जातो आणि मग कान बंद होतो.

त्यानंतर पहिला अंक, कागद हातात घेऊन. गोष्ट आधी वाचून घ्या. शेवट कळला म्हणून काही बिघडत नाही, ‘सौभद्रा’त सुभद्रेचं काय होतं हे माहीत असूनही लोक जातातच. दिवसाला एक अंक, चार अंक, चार दिवस. मुंबईत असाल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग एनसीपीएमध्ये दाखवले गेले आहेत, पुढचे कधी आहेत ते पाहून ठेवा. पण बघण्याआधी चारही अंक ऐकून झालेले असू द्या. पडद्यावर कपडे आणि चेहरे आले की कान निम्मा सुट्टीवर जातो.

## टप्पा ७: लोर्का, आणि तिन्ही एकत्र

फेदेरिको गार्सिया लोर्काचा ‘रोमान्सेरो हितानो’ हा कवितासंग्रह १९२८ चा. त्यातल्या एका प्रसिद्ध कवितेची सुरुवात:

बेर्दे के ते क्येरो बेर्दे.
बेर्दे ब्येंतो. बेर्देस् रामास्.
एल् बार्को सोब्रे ला मार्
येल् काबायोएन् ला मोंतान्या.

हिरवी, मला तू हिरवी हवीस. हिरवा वारा, हिरव्या फांद्या. नाव समुद्रावर आणि घोडा डोंगरात. आता स्वतः मोजा. तिसरी ओळ सात अधिक एक. चौथीत ‘योएन्’ एकच अक्षर. तिसऱ्या टप्प्यातलं सगळं चार ओळींत आलंय.

इथली नेहमीची चूक यमकाची. आपण ‘वारा-तारा’ शोधतो, म्हणजे व्यंजनासकट जुळणी. या ओळींत यमक नाहीच असं म्हणून लोक मुक्तछंदासारखं वाचतात. पण दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट ऐका: रामास्, मोंतान्या. व्यंजनं वेगळी, स्वर सारखे: आ-आ. रोमान्से या प्रकारात समओळींचे स्वरच जुळवतात, आणि ते कवितेत कितीतरी ओळी चालू राहतं. मोठ्याने वाचल्याशिवाय ते कानावर येत नाही.

लोर्काच्या आवाजाचं ज्ञात ध्वनिमुद्रण नाही. पण त्याची बोटं ऐकता येतात. १९३१ मध्ये ला आर्हेन्तिनिता या गायिका-नर्तकीबरोबर त्याने लोकगीतांच्या तबकड्या केल्या, आणि पियानोवर तो स्वतः आहे. कविता रोज वाचत असाल त्याच आठवड्यात ही गाणी लावा. ‘लोस कुआत्रो मुलेरोस’ तर दोनदा ऐकल्यावर तोंडात बसतं.

शेवटी ओस्वाल्दो गोलिहोव्ह या अर्जेंटिनात जन्मलेल्या संगीतकाराचा ‘आइनादामार’. एकांकी ऑपेरा, सुमारे ८० मिनिटांचा, स्पॅनिशमध्ये, लोर्काच्या मृत्यूवर. १९३६ मध्ये ग्रानादाजवळ ज्या झऱ्यापाशी त्याला मारलं त्याचं हे नाव. डॉन अपशॉने गायलेलं ध्वनिमुद्रण शोधा. लोर्काची भूमिका एक स्त्री गाते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना ‘हा कोण बोलतोय’ असा गोंधळ उडतो. लिब्रेटोत पात्रांची नावं दोन रंगांनी रंगवून ठेवा.

यात फ्लामेंकोचा टाहो आहे आणि क्यूबन तालही येतात. पहिल्यांदा कागद बाजूला ठेवून नुसता ताल पकडा. दुसऱ्यांदा कागद. मधे कुठेतरी हात आपोआप १, ४, ७ वर जाईल, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.